इस्लामी रेडिओ, इंटरनेट आणि सहिष्णुता : इंडोनेशियाचा अनुभव



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने फोन केला. म्हणाला, "सर, तत्त्वज्ञान सोडून तुम्ही रेडिओकडे कधीपासून वळलात?" प्रश्न रास्त होता. आम्ही त्याला म्हणालो, तत्त्वज्ञान सोडलेलं नाही. सहिष्णुता हा शब्द आम्ही वर्गात तीसेक वर्षं शिकवला, पण ती माणसात येते कुठून, हे कोणत्याही व्याख्येतून सांगता आलं नाही. म्हणून आता इतिहासाकडे जातो आहोत.

एक आठवण सांगून सुरुवात करतो. आम्ही शाळेत होतो तेव्हा आमच्या वाड्यात दोनच रेडिओ होते. रेडिओला तेव्हा लायसन्स लागत असे आणि त्याचे पैसे पोस्टात भरावे लागत. खालच्या रेडिओवर पहाटे भक्तिगीतं लागत, वरच्या मजल्यावरच्या रेडिओवर रात्री उर्दू सर्व्हिस. वरच्या कव्वालीतलं आम्हाला अक्षर कळत नसे आणि खालच्या अभंगांची वरच्यांना गरज नसे. तरी दोन्ही सगळ्यांच्या कानावर पडत, कारण भिंती पातळ होत्या. वाड्यात भांडणं नव्हती असं नाही. पाण्यावरून रोज होती. पण दुसऱ्याच्या देवाचा आवाज ऐकू येणं ही तक्रार करण्याची गोष्ट आहे, असं कोणाला वाटत नसे.

ही आठवण गोड आहे म्हणून तिच्यावर फार विश्वास ठेवू नका. आम्हीही ठेवत नाही. पण तिच्यात एक प्रश्न दडलेला आहे. आज प्रत्येकाच्या कानात स्वतंत्र इअरफोन आहे, प्रत्येक पंथाचा स्वतःचा इंटरनेट रेडिओ आहे. धर्माचा आवाज पूर्वी कधी नव्हता इतका दूर पोचतो. मग तो आवाज सहिष्णुता वाढवतो की घटवतो? या प्रश्नाचं उत्तर शोधायला आपण आज इंडोनेशियात जाणार आहोत. जगातल्या सर्वांत मोठ्या मुस्लिम लोकसंख्येच्या देशांपैकी तो एक. शिवाय गेल्या पंचवीस वर्षांत तिथे इस्लामी रेडिओचे जवळजवळ सगळे प्रकार होऊन गेले आहेत.

आधी शब्दाचा अर्थ पक्का करू. सहिष्णुता म्हणजे सगळं सारखंच आहे असं मानणं नव्हे. ज्याला काहीच खटकत नाही तो उदासीन असेल, सहिष्णू नव्हे. समोरच्याचं मत चुकीचं आहे असं मला मनापासून वाटतं, त्याला त्रास देणं माझ्या हातात आहे आणि तरी मी हात आवरतो, याला सहिष्णुता म्हणतात. हात आवरायचा, आणि रेडिओच्या बाबतीत जीभ आवरायची. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता गोष्ट सुरू होते ती रेडिओच्याही आधी. १८९९ साली बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, सय्यद उस्मान नावाचे मोठे अरबवंशीय विद्वान होते. तेव्हा फोनोग्राफ नवा होता आणि त्यावर कुराणपठण ऐकवलं जाऊ लागलं होतं. लोकांनी विचारलं, हे चालतं का? यंत्रातून आलेलं पठण हे पठण मानायचं का? सय्यद उस्मानांनी त्यावर लिहिलं आणि पुढच्याच वर्षी स्नूक हुरखॉन्ये या डच अभ्यासकाने या वादावर लेख प्रसिद्ध केला. आज आपल्याला हा वाद ऐकून हसू येईल, पण तो हसण्यासारखा नव्हता. पठण करणारा माणूस वुजू करून, म्हणजे हातपाय धुऊन शुद्ध होऊन बसतो, ऐकणारेही अदबीने बसतात. आवाज त्या बैठकीतून सुटला आणि यंत्रात शिरला, की तो बाजारातही वाजेल, कोणाच्याही टिंगलटवाळीतही वाजेल. थोडक्यात, आवाज माणसापासून वेगळा झाला तर आवाजाला बांधून ठेवणारी मर्यादा कुठे जाते, असा तो प्रश्न होता. आमच्या मते पुढच्या सव्वाशे वर्षांत या प्रश्नाची धार वाढतच गेली आहे.

यानंतर एक मोठी उडी मारतो. सुहार्तो यांच्या राजवटीत इंडोनेशियातल्या खासगी रेडिओ केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नव्हती. सरकारी रेडिओच्या, म्हणजे आरआरआयच्या बातम्या सहक्षेपित कराव्या लागत. वंश आणि धर्म यांवरच्या वादांना जाहीर चर्चेत जागाच नव्हती. वरवर शांतता होती. पण झाकण घट्ट होतं म्हणून आतलं उकळत नव्हतं, असं नाही. २१ मे १९९८ ला सुहार्तो पायउतार झाले, झाकण उघडलं, आणि वाफ आणि ताजी हवा दोन्ही एकदम बाहेर आली. ही दोन्ही आपल्याला रेडिओत दिसतात.

वाफ दिसते ती अंबोनला. मालुकू बेटांचं हे मुख्य शहर. १९ जानेवारी १९९९ ला, ईदच्याच दिवशी, तिथे ख्रिस्ती आणि मुस्लिम यांच्यात दंगल सुरू झाली आणि पुढची तीन वर्षं हजारो माणसं मेली. अत्याचार दोन्ही बाजूंनी झाले, हे स्वच्छ सांगितलं पाहिजे. शहराचे दोन तुकडे पडले. २००० साली जावा बेटावरून 'लास्कर जिहाद' या संघटनेचे स्वयंसेवक तिथे पोचले. या संघटनेकडे काळाच्या मानाने उत्तम संकेतस्थळ होतं आणि अंबोनमध्ये रेडिओही होता. त्या केंद्राच्या नावाचा अर्थ 'मालुकूच्या मुस्लिमांच्या संघर्षाचा आवाज'. १२ फेब्रुवारी २००२ ला मालिनो इथे दोन्ही समाजांच्या प्रतिनिधींनी शांतता करारावर सह्या केल्या. एप्रिलच्या अखेरीस संघटनेचे नेते जाफर उमर तालिब यांनी कराराला विरोध करणारं, युद्धाची भाषा असलेलं भाषण केलं आणि ते या रेडिओवरून गेलं. दोनच दिवसांनी, २८ एप्रिलला, डोंगरावरच्या सोया या ख्रिस्ती गावावर हल्ला झाला. माणसं मारली गेली, जुनं चर्च जळलं. जाफर यांच्यावर खटला चालला आणि २००३ च्या सुरुवातीला न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. त्याआधीच ऑक्टोबर २००२ मध्ये संघटना विसर्जित झाली होती.

भाषण आणि हल्ला यांचा कार्यकारणसंबंध न्यायालयात सिद्ध झाला नाही, तेव्हा आम्हीही तो सिद्ध झाल्यासारखा सांगणार नाही. पण एवढं तर दिसतं, की दोन तुकडे झालेल्या शहरात हा आवाज एकाच तुकड्यासाठी होता. ज्यांच्याविषयी बोललं जात होतं त्यांना उलट बोलायला तिथे जागा नव्हती. सय्यद उस्मानांच्या काळात जी शंका होती, ती इथे वेगळ्या रूपात समोर आली.

आता ताजी हवा. पूर्व जकार्तात उतान कायू नावाचा भाग आहे. तिथल्या ६८एच या क्रमांकाच्या घरात गोएनावान मोहमद यांच्याभोवती लेखक-पत्रकारांचा एक गट जमला होता. गोएनावान हे 'टेम्पो' साप्ताहिकाचे संस्थापक. १९९४ साली सुहार्तो सरकारने 'टेम्पो' बंद केलं, तेव्हा त्यांनी हा अड्डा उभा केला. १९९९ मध्ये इथून एक रेडिओ सुरू झाला आणि घराचाच क्रमांक त्याचं नाव झालं : 'रेडिओ ६८एच'. याची रीत वेगळी होती. कार्यक्रम ध्वनिमुद्रित करायचे, त्याच्या फाइली इंटरनेटवरून देशभरच्या लहान लहान केंद्रांना पाठवायच्या आणि ती आपापल्या गावात लावणार. पुढे उपग्रह आला आणि जोडलेली केंद्रं शेकड्यांत गेली. म्हणजे बघा, १९९९ साली, जेव्हा आपल्याकडे इंटरनेटसाठी सायबर कॅफेत रांग लावावी लागे, तेव्हा ही मंडळी इंटरनेटवरून रेडिओ वाटत होती.

२००१ साली याच आवारात उलिल अबशार अब्दल्ला आणि त्यांच्या मित्रांनी 'उदार इस्लाम'चं जाळं उभं केलं. उलिल हे जावातल्या पेसान्त्रेनमध्ये, म्हणजे इस्लामी निवासी पाठशाळांत वाढलेले, नहदतुल उलमा या १९२६ पासूनच्या प्रचंड संघटनेच्या परंपरेतले. त्यांनी रेडिओ ६८एचवर दर आठवड्याला कार्यक्रम सुरू केला, नाव 'धर्म आणि सहिष्णुता'. स्टुडिओत पाहुणे बोलावायचे, चर्चा करायची, आणि मग फोन उघडे ठेवायचे. बांडुंगचा विद्यार्थी फोन करी, सुमात्राचा शिक्षक फोन करी, कोणी चिडून फोन करी. उत्तर द्यावं लागे. या संभाषणांची लेखी रूपं सुराबायाच्या 'जावा पोस' दैनिकातही छापली जात.

याच आवारात पुढे अब्दुर्रहमान वाहिद येऊन बसू लागले. लोक त्यांना 'गुस दुर' म्हणत. नहदतुल उलमाचे संस्थापक हाशिम अशारी यांचे ते नातू. १९९९ ते २००१ देशाचे राष्ट्राध्यक्ष होते, आणि चिनी समाजाच्या सण-उत्सवांवरची सुहार्तोकालीन बंधनं त्यांनी २००० साली उठवली. सत्ता गेल्यावर, दृष्टी जवळजवळ गेलेली असताना, हा माणूस उतान कायूच्या कॅफेत बसून दर आठवड्याला लोकांशी गप्पा मारी आणि त्या रेडिओवरून देशभर जात. प्रवचन नव्हे, गप्पा. विनोद असायचे, कुरकुर असायची, कोणी टोकाचा प्रश्न विचारला तर ते हसून त्याच्यावरच टोलवायचे. देवाला आपल्या संरक्षणाची गरज नाही, हे त्यांचं जुनं म्हणणं. १९८२ साली त्यांनी याच आशयाच्या शीर्षकाचा लेख लिहिला होता.

हे सगळं फुकट झालं नाही. नोव्हेंबर २००२ मध्ये उलिल यांनी 'कोम्पास' दैनिकात इस्लामच्या आकलनाला उजाळा देण्याविषयी लेख लिहिला. महिनाभरात उलमांच्या एका मंचाने अशा लेखनाला मृत्युदंड लागू होतो असा फतवा काढला. जुलै २००५ मध्ये 'मजलिस उलमा इंडोनेशिया' या राष्ट्रीय संस्थेने बहुलतावाद, उदारमतवाद आणि सेक्युलरवाद इस्लामविरोधी ठरवले. ऑगस्टमध्ये काही संघटनांनी 'उतान कायू सोडा' म्हणून धमकी दिली. आणि १५ मार्च २०११ ला उतान कायूच्या पत्त्यावर उलिल यांच्या नावाने एक पुस्तक आलं. शीर्षकातच 'त्यांना ठार मारलंच पाहिजे' असं होतं. आत बॉम्ब होता. संशय आला म्हणून पोलिसांना बोलावलं. बॉम्बशोधक पथक पोचण्याआधीच एका पोलीस अधिकाऱ्याने तो निकामी करण्याचा प्रयत्न केला आणि त्यात त्याने आपला हात गमावला.

आम्ही ग्रंथांच्या सहवासात आयुष्य काढलं. पुस्तकाची पानं कोरून आत बॉम्ब बसवतात, ही गोष्ट आम्हाला अजूनही पचलेली नाही. पण क्षणभर थांबून २००५ च्या निर्णयाकडे न्यायबुद्धीने पाहू. मजलिसने बहुलतावादाची व्याख्या 'सगळे धर्म सारखेच खरे' अशी केली होती आणि ती नाकारली होती. समाजात अनेक धर्म शेजारी राहतात ही वस्तुस्थिती मात्र तिने मान्य केली होती. आता, आपण सुरुवातीला काय म्हणालो? सगळं सारखं मानणं म्हणजे सहिष्णुता नव्हे. तेव्हा 'माझाच धर्म खरा' असं म्हणणारा माणूस आपोआप असहिष्णू ठरत नाही. मजलिसच्या निर्णयात दोष कुठे राहिला? आमच्या मते, चर्चेच्या एका बाजूला पाखंड ठरवल्यावर त्या बाजूच्या माणसांचं रक्षण कोण करणार, याचा विचार त्यात पुरेसा नव्हता. आणि उतान कायूच्या मंडळींचाही एक दोष सांगितला पाहिजे. 'उदार' हा शब्द त्यांनी पाटीसारखा लावला, आणि पेसान्त्रेनमधल्या साध्या माणसाला ती पाटी परकी वाटली. आवाज दूर गेला, पण बऱ्याच घरांच्या उंबऱ्याशी थांबला.

याच काळात दुसरीकडे काय घडत होतं? सुराकार्ता शहरात 'मजलिस तफसीर अल-कुराण' नावाची संघटना १९७२ पासून आहे. २००७ मध्ये तिने स्वतःचा रेडिओ सुरू केला आणि लवकरच तो इंटरनेटवरही ऐकू येऊ लागला. रविवार सकाळचं प्रवचन हजारो लोक समोर बसून ऐकत आणि त्याहून किती तरी घरबसल्या. बोगोरजवळ चिलुंगसी इथे २००५ पासून 'रेडिओ रोजा' हे सलफी विचाराचं केंद्र आहे, तेही इंटरनेटमुळे देशाबाहेर ऐकलं जातं. हे दोघेही बॉम्बवाले नव्हेत. सलफी वक्त्यांनी तर दहशतवादाच्या विरोधात सातत्याने प्रवचनं दिली आहेत. पण जावाच्या खेड्यात कोणी वारलं की तिसऱ्या, सातव्या, चाळिसाव्या दिवशी शेजारीपाजारी जमून प्रार्थना म्हणतात, एकत्र जेवतात. ही रीत धर्मबाह्य आहे, असं या रेडिओंवरून सांगितलं जाऊ लागलं. आता कल्पना करा. शेजारच्या घरी मयत झालं आहे, जेवणाचं बोलावणं आलं आहे, आणि कानातला आवाज सांगतो, जाऊ नकोस. कोणी कोणाला मारत नाही, पण ताट रिकामं राहतं. त्यावरून नहदतुल उलमाच्या लोकांत आणि या मंडळींत गावोगाव कटुता आली. अहिंसा आणि सहिष्णुता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्हाला या उदाहरणातून कळलं.

कायद्याने हे सुटेल का? इंडोनेशियाचा २००२ चा प्रसारण कायदा धर्म-वंशांत भांडण लावणाऱ्या कार्यक्रमांना मनाई करतो, त्यासाठी आयोगही आहे. पण तो कायदा हवेतल्या लहरींसाठी लिहिलेला. इंटरनेटवरचं प्रसारणही त्याखाली आणा, अशी मागणी दोन दूरचित्रवाणी कंपन्यांनी घटना न्यायालयाकडे केली. जानेवारी २०२१ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. आम्हाला यात फार वाईट वाटत नाही. ज्या कायद्याने द्वेषाचा रेडिओ बंद करता येतो, त्याच कायद्याने उतान कायूचाही करता येतो. सुहार्तो यांचं झाकण आठवा.

मग उरतं काय? गोष्टीचा शेवटचा भाग आम्हाला सर्वांत आवडतो. २०१७ च्या रमजानमध्ये उलिल यांनी इंटरनेटवर नवा उपक्रम सुरू केला. या वेळी 'उदार' ही पाटी नव्हती. हातात इमाम गझाली यांचा 'इह्या उलूम अल-दीन' हा नऊशे वर्षांपूर्वीचा ग्रंथ, समोर फोनचा कॅमेरा, आणि पेसान्त्रेनच्या जुन्या पद्धतीने एकेक ओळ वाचून अर्थ सांगणं. जे लोक पूर्वी त्यांचं नाव ऐकलं की कानावर हात ठेवत, त्यांच्यातलेही काही ऐकू लागले.

गझाली हे तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञांचे टीकाकार म्हणून माहीत असतात. आम्हीही वर्गात तसंच शिकवत आलो. पण 'इह्या'तल्या चाळीस प्रकरणांपैकी एक आख्खं प्रकरण जिभेच्या संकटांवर आहे : वितंडवाद, टवाळी, शिव्याशाप, चहाडी. दुसऱ्या एका ग्रंथात, कोणाला धर्मबाह्य म्हणताना जीभ आवरावी असा त्यांचा उपदेश आहे. आणि त्यांचं स्वतःचं आयुष्य बघा. बगदादच्या निजामिया विद्यापीठातला सर्वांत नावाजलेला प्राध्यापक, १०९५ साली वर्गात उभा राहतो आणि तोंडातून शब्दच फुटत नाही. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. पुढे ते बगदाद सोडून गेले. जिभेची ताकद ज्याला कळली होती, त्याच्यावर जीभ बंद पडण्याची वेळ आली. त्याच्या ग्रंथाचं वाचन आज, अखंड बोलणाऱ्या यंत्रातून, लोक ऐकताहेत. यातला योगायोग विचार करण्यासारखा आहे.

आणि आणखी एक. हे वाचन ऐकणारी माणसं गावोगाव प्रत्यक्षही जमतात. त्या मेळाव्याला म्हणतात 'कोप्दार'. हा शब्द 'कोपी दारात'चा संक्षेप, शब्दशः 'जमिनीवरची कॉफी'. तो आला आहे हौशी रेडिओवाल्यांच्या बोलीतून. लहरींवर नुसत्या आवाजाने ओळख झालेली माणसं एकदा समोरासमोर भेटली की त्या भेटीला ते असं म्हणत. रेडिओच्याच भाषेने रेडिओचं अपुरेपण मान्य केलेलं आहे, असं आम्हाला वाटतं. आवाज माणसापासून सुटला होता, तो परत माणसाला जोडायचा आहे.

तेव्हा रेडिओ सहिष्णुता वाढवतो की घटवतो, या प्रश्नाचं आमचं उत्तर असं : तिथे काय सांगितलं जातं यापेक्षा, ज्याच्याविषयी सांगितलं जातं तो माणूस ऐकतो आहे का आणि त्याला उलट बोलता येतं का, हे आधी पाहावं. अंबोनच्या रेडिओत तो नव्हता. उतान कायूच्या फोनवर होता. आपल्या कानातल्या इअरफोनमध्ये तो बहुधा नसतो, आणि हे फक्त इंडोनेशियाबद्दल किंवा फक्त मुसलमानांबद्दल खरं आहे असं इथे कोणी मनात म्हणत असेल, तर त्याने आज रात्री घरी जाऊन आपापला फोन उघडून बघावा. आम्हीही बघणार आहोत.

आमच्या वाड्याच्या भिंती पातळ होत्या, त्यात आमचं काही कर्तृत्व नव्हतं. तुमच्या भिंती जाड आहेत. तुम्हाला दार उघडावं लागेल.

वेळ संपली आहे. प्रश्न असतील तर घेऊ. आणि ज्यांना आमचं पटलेलं नाही, त्यांनी कृपया आधी विचारावेत.